म्हणे, रिठ्याचं पाणी म्हणजेच लस!

जळगाव-धुळ्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्यात म्हटलंय की परदेशी कंपन्या लसीत एका झाडाच्या सालीचा अर्क घालतात आणि तोच गुण आपल्या रिठ्यात आहे. तेव्हा बाळाला सुई टोचण्याऐवजी रिठ्याचं पाणी आणि गुळवेलीचा काढा चमचा-चमचा पाजा. झाडाचं आहे, अपाय होत नाही. कंपन्या हे लपवतात. खाली नेहमीचे जोडलेले हात.

असे मजकूर मी न वाचताच पुसते. पण हा धरणगावला माझ्या मावसबहिणीच्या सासूबाईंनी वाचला आणि नातवाचा, घटसर्प वगैरे पाच रोगांवरच्या लसीचा, दहा आठवड्यांचा डोस अडला. आशाताईंना दारातूनच परत पाठवलं. "झाडपालानंच शे ना, मंग सुई कसाले?"

सालीची गोष्ट खरी आहे, तेवढी नाइलाजाने मान्य करते. चिलीत किलाया नावाचं झाड आहे. त्याच्या सालीला रिठ्यासारखा फेस येतो, कारण दोन्हींत सॅपोनिन असतं. त्या सालीतून वेगळं काढलेलं क्यूएस-21 हे सॅपोनिन नागिणीच्या शिंग्रिक्स लसीत आहे, मलेरियाच्या मॉस्किरिक्समध्ये आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणाऱ्या आर-21 या मलेरियाच्या लसीतही याच झाडाची सॅपोनिनं आहेत. लसीला शरीराचा प्रतिसाद वाढावा म्हणून असं जे द्रव्य घालतात त्याला ॲडज्युव्हंट म्हणतात.

आता रिठा. सॅपोनिन एक नसतं, झाडागणिक त्याची रचना बदलते. किलायाच्या एका सालीतच कितीतरी प्रकारची निघतात. कच्चा अर्क जनावरांच्या लसींत चालला, माणसांसाठी चालेना, कारण सॅपोनिन रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं. म्हणून एकेक घटक वेगळा करून तपासावा लागला. त्यातून क्यूएस-21 हाती आलं. तेही शिंग्रिक्समध्ये कोलेस्टेरॉल असलेल्या चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांत बांधून घालतात, म्हणजे पेशी फोडायला मोकळं राहत नाही. एका डोसात ते 50 मायक्रोग्रॅम असतं, म्हणजे एका ग्रॅमचा वीस हजारावा भाग. आणि आपण कुस्करलेला रिठा वाटीत भिजवून अडीच महिन्यांच्या पोराच्या तोंडात घालणार? पोटात गेला तर उलट्या-जुलाब, डोळ्यात उडाला तर आग. तान्ह्या बाळाची उलटी श्वासनलिकेत गेली तर काय होतं ते सासूबाईंना सांगायला नको, चार पोरं वाढवली आहेत त्यांनी.

बरं, क्षणभर धरू की रिठ्यातही क्यूएस-21 सारखंच काही आहे. तरी घटसर्पाचा काय संबंध? रोगाची ओळख शरीराला पटवते ती लसीतल्या त्या रोगाच्या घटकामुळे. ॲडज्युव्हंट त्या ओळखीला फक्त जोर देतं. 1925 च्या सुमारास फ्रान्समध्ये गास्तों रामों यांनी घोड्यांना घटसर्पाची लस टोचताना तिच्यात टॅपिओका, पावाचा चुरा असलं काय काय मिसळून पाहिलं, आणि प्रतिसाद वाढला. पाव खाऊन घटसर्प टळतो असं मात्र तेव्हाही कोणी म्हटलं नाही. शिवाय ज्या सुईवरून हे रामायण झालं, त्या पेंटाव्हॅलंटमध्ये झाडाचा अर्क नसतोच. तिथे ॲडज्युव्हंट म्हणून ॲल्युमिनियमचा क्षार असतो. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना देतात ती हीच लस: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ-बी आणि हिब (न्यूमोनिया, मेंदूज्वर करणारा जंतू).

'झाडाचं म्हणून अपाय नाही' याचं उत्तर शिंग्रिक्सच्याच चाचणीत आहे. 2015 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ती छापून आली. 18 देशांत पन्नाशीपुढच्या 15,411 जणांना लस किंवा खोटी सुई दिली. सरासरी 3.2 वर्षांत लसवाल्यांत नागीण झाली 6 जणांना, खोट्या सुईवाल्यांत 210 जणांना. झाडानेच काम केलं, असं म्हणायचं तर म्हणा. पण त्याच अहवालात पुढे आहे की सुईनंतरच्या सात दिवसांत रोजची कामं अडावीत इतका त्रास लसवाल्यांतल्या 17 टक्क्यांना झाला, दुसऱ्या गटात 3.2 टक्क्यांना. इतकं शुद्ध केलेलं, मोजूनमापून दिलेलं द्रव्यसुद्धा त्रास देतं. हे मोजलं गेलं म्हणून कळलं. रिठ्याच्या वाटीचं असं कोणी काही मोजलंय का?

गुळवेलीवर फार लिहीत नाही. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला झालेली इजा नोंदवली, आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. मोठ्यांचं काय ते वैद्याला विचारा, तान्ह्याला नको.

आणि लपवलं म्हणे! शिंग्रिक्सच्या माहितीपत्रकात झाडाच्या नावासकट सगळं छापलेलं आहे. 2024 मध्ये तर क्यूएस-21 यीस्टमध्ये बनवल्याचं 'नेचर' मासिकाने जगजाहीर केलं.

बाळाचा डोस उशिरा झाला तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेला पुढे देतात. उपकेंद्रात लसीकरणाचा वार कोणता, ते आशाताईंना विचारा.