आधी कडक भाजल्यानं रस आत कोंडला जात नाही

नाताळ जवळ आला की अमेरिका-इंग्लंडातल्या स्वयंपाकघरांसाठी रिब रोस्टची एक कृती हमखास फिरू लागते. बीफचा बरगड्यांसकटचा मोठा तुकडा दोन तास फ्रिजबाहेर ठेवा, आधी कडक आचेवर भाजून रस आत कोंडा, मग पौंडाला १५ मिनिटं या हिशेबानं ओव्हनमध्ये शिजवा, मीठ मात्र अगदी शेवटी. एवढा महागडा तुकडा कोरडा पडतो तो बहुतेक वेळा याच सूचनांमुळे.

रस कोंडण्याची कल्पना लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १८४७ च्या सुमारास रुजवली. पण भाजलेला पापुद्रा पाणी अडवत नाही. कडक भाजलेला तुकडा ताटात काढून ठेवला तरी खाली रस साचतोच. किती रस जाणार हे आतल्या तापमानावर ठरतं: साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे मांसाच्या धाग्यांभोवतीची आवरणं जोरात आकसतात आणि पाणी पिळून काढतात. भाजायचं ते रंगासाठी आणि खमंग चवीसाठी, आणि ती चव पृष्ठभाग १४० अंशांच्या आसपास गेल्याशिवाय येत नाही. ओल्या मांसावरचं पाणी उडेपर्यंत तो १०० च्या वर चढत नाही. तोवर बाहेरचा थर राखाडी होऊन बसतो.

म्हणून क्रम उलटा ठेवावा. तीन किलोचा तुकडा १२० अंशांच्या ओव्हनमध्ये जाळीवर ठेवावा. मध्यभागी ५० अंश झाले की बाहेर काढून अर्धा तास तसाच राहू द्यावा. आतलं तापमान आणखी काही अंश चढतं. जेवायला वाढायच्या आधी पुन्हा ओव्हनमध्ये, २६० अंशांवर सहा ते दहा मिनिटं. तोवर वरचा भाग सुकलेला असल्यानं रंग झटकन येतो आणि आतला भाग कडेपर्यंत एकसारखा गुलाबी राहतो. मधल्या अर्ध्या तासात फॉइल घट्ट गुंडाळू नये, वाफेनं पृष्ठभाग पुन्हा ओला होतो. अमेरिकेचं कृषी खातं मात्र ६३ अंश आणि वर तीन मिनिटं विश्रांती सांगतं. जेवायला गरोदर बाई, लहान मूल किंवा वृद्ध माणूस असेल तर तेच पाळावं.

पौंडाचा हिशेब तर मुळातच फसवा. उष्णता मध्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ जाडीवर अवलंबून असतो. तीन बरगड्यांचा आणि सहा बरगड्यांचा तुकडा सारख्याच जाडीचे असतात, फक्त दुसरा लांब असतो. वजन दुप्पट झालं तरी वेळ थोडाच वाढतो. हिशेबाप्रमाणे दुप्पट वेळ ठेवलात तर रोस्ट गेलाच. वरच्या मंद ओव्हनमध्ये साडेतीन-चार तास धरून चालावं, पण निर्णय थर्मामीटरवर सोडावा. टोक सर्वांत जाड भागाच्या मध्यावर हवं. हाडाला टेकलं तर आकडा चुकतो.

मीठ शेवटी घातलं तर ते फक्त वरवर राहतं. तीन किलोला ३०-३५ ग्रॅम मीठ आदल्या दिवशी चोळावं आणि तुकडा न झाकता फ्रिजमध्ये ठेवावा. आधी पाणी सुटतं, त्यात मीठ विरघळतं आणि मग ते हळूहळू आत शिरतं. पृष्ठभागही कोरडा होतो.

दोन तास बाहेर ठेवून एवढ्या मोठ्या तुकड्याच्या मध्यभागी जेमतेम काही अंशांचा फरक पडतो. सरळ फ्रिजमधून ओव्हनमध्ये घाला.

आधी परतणं योग्य ठरतं ते गोव्यातल्या बीफ रोस्टसारख्या पातेल्यात शिजणाऱ्या प्रकारात. तिथे चिवट भाग आलं-लसूण-व्हिनेगर लावून मुरवतात, परततात आणि थोड्या पाण्यात मऊ होईपर्यंत शिजवतात. तळाला धरलेलं खरपूस सगळं रश्श्यात उतरतं. तिथे ५०-५५ अंशांवर थांबलात तर मांस चामड्यासारखं लागेल, कारण मांसाचे धागे बांधून ठेवणारी चिवट आवरणं विरघळायला बराच वेळ ७० च्या वरचं तापमान लागतं.

ताटातलं लाल पाणी हे रक्त नसतं, मायोग्लोबिन या प्रथिनानं रंगलेलं पाणी असतं. ते दिसलं म्हणून रोस्ट परत ओव्हनमध्ये ढकलू नका. शेवटच्या भाजण्यानंतर थांबायचीही गरज नाही: सुरी बरगड्यांना चिकटवून फिरवत हाडं सोडवा आणि धाग्यांना आडवे, सेंटिमीटरभर जाडीचे काप करा.