सीएफए फ्रँकचा दर १९४५ पासून गोठलेला नाही

पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत चालणाऱ्या सीएफए फ्रँक या चलनाविषयी समाजमाध्यमांवर अनेक भाषांतून एक मजकूर सतत फिरत असतो. फ्रान्सने १९४५ साली आपल्या चौदा वसाहतींवर हे चलन लादले, लूट सोपी व्हावी म्हणून त्याचा दर मुद्दाम अत्यंत कमी ठेवला, पुढे तो कधीच बदलला नाही, या देशांच्या निर्यातीचा निम्मा पैसा आजही कर म्हणून पॅरिसला जातो आणि या व्यवस्थेतून कोणालाच बाहेर पडता येत नाही, असे त्याचे सार आहे. वसाहतवादाविषयीचा त्यातील संताप रास्त आहे. परंतु त्यातील विधाने तपासली की एकेक करून कोसळतात, आणि चुकीच्या आधारावर केलेली टीका खोडून काढणे फ्रेंच सरकारला फार सोपे जाते.

प्रथम दराविषयी. २६ डिसेंबर १९४५ रोजी हे चलन अस्तित्वात आले तेव्हा एका सीएफए फ्रँकला १.७० फ्रेंच फ्रँक मिळत, आणि १७ ऑक्टोबर १९४८ पासून २ मिळू लागले. म्हणजे वसाहतींचे चलन राज्यकर्त्या देशाच्या चलनापेक्षा महाग होते. महायुद्धाच्या काळात फ्रान्समध्ये महागाई वसाहतींपेक्षा अधिक भडकली होती आणि हे चलन आले त्याच दिवशी, १९४५ मध्ये, फ्रेंच फ्रँकचे अवमूल्यन होऊन डॉलरचा दर सुमारे ११९ फ्रँकवर गेला. त्या घसरणीचा पूर्ण भार वसाहतींच्या चलनावर टाकला गेला नाही. यात फ्रान्सचे हित नव्हते असे नाही. चलन महाग असल्यामुळे फ्रेंच माल डाकार-आबिजानसारख्या पश्चिम आफ्रिकी शहरांत स्वस्त पडे, तर तेथील शेतमाल इतर देशांच्या बाजारात महाग ठरून फ्रेंच ग्राहकावरच अवलंबून राही. फायदा होताच, पण तो मजकुरात सांगितलेल्या वाटेच्या नेमका उलट वाटेने आला.

दर कधीच बदलला नाही, हे विधान तर मुळातच टिकत नाही. त्याच्या जोडीला काही जण १९६० साली चलन शंभरपटीने कोसळले असेही सांगतात, कारण दरांच्या तक्त्यात २ च्या जागी एकाएकी ०.०२ दिसते. प्रत्यक्षात १ जानेवारी १९६० रोजी फ्रान्सने १०० जुन्या फ्रँकांचा १ नवा फ्रँक केला, त्यामुळे ५० सीएफए बरोबर १ फ्रँक हा आकडा आला. किंमत तीच राहिली. खरा बदल वेगळ्याच रीतीने होत असे. ऑगस्ट १९६९ मध्ये फ्रान्सने आपल्या फ्रँकचे अवमूल्यन केले, तेव्हा ५० हा आकडा जसाच्या तसा राहूनही डॉलर २४६.८५ सीएफएवरून सुमारे २७७.७ सीएफएवर गेला. निर्णय पॅरिसचा होता, परिणाम मात्र डाकार आणि वागाडुगूपर्यंत पोहोचला. माझ्या मते या व्यवस्थेवरील सर्वांत गंभीर आक्षेप हाच आहे, आणि तो त्या मजकुरात कोठेही नाही.

पुढे १९८० च्या दशकात कोको आणि कॉफीचे भाव पडले, शेजारच्या नायजेरियाचे चलन नायरा स्वस्त झाले, फ्रेंच फ्रँक मात्र जर्मन मार्कबरोबर बळकट राहिला, आणि त्याला बांधलेला सीएफए निर्यातदारांना न परवडण्याइतका महाग झाला. कोत दिव्हारचे अध्यक्ष ऊफुएत-ब्वाञी यांचा अवमूल्यनाला विरोध होता. ७ डिसेंबर १९९३ रोजी ते वारले आणि ११ जानेवारी १९९४ रोजी डाकारमध्ये नवा दर जाहीर झाला: १ फ्रेंच फ्रँक बरोबर १०० सीएफए. फ्रान्समधून येणारी औषधे एका रात्रीत दुप्पट महाग होण्याची वेळ आली, शहरातील पगारदार होरपळले, आणि दुसरीकडे कापूस व कोको यांच्या निर्यातीला पुन्हा वाव मिळाला. १९९९ साली युरो आला तेव्हा १ युरो म्हणजे ६.५५९५७ फ्रँक, त्याची शंभरपट ६५५.९५७ सीएफए, एवढाच साधा गुणाकार झाला. आजचा दर तोच आहे.

निम्म्या निर्यातीच्या ‘करा’चा मुद्दा दोन निराळ्या गोष्टी एकत्र करतो. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेच्या दोन सामायिक मध्यवर्ती बँकांना आपल्या परकीय चलनाच्या गंगाजळीचा काही भाग फ्रेंच कोषागारात ठेवावा लागे: आरंभी सर्व, १९७३ पासून ६५ टक्के, आणि पश्चिम आफ्रिकेच्या बँकेला २००५ पासून ५० टक्के. हा हिस्सा गंगाजळीचा होता, निर्यातीचा नव्हे. ठेवीची मालकी आफ्रिकी बँकांची होती आणि तिच्यावर व्याज मिळत असे. ठेव सक्तीची होती, ही गोष्ट आक्षेपार्ह म्हणता येईल. तरीही ती कर नव्हती. डिसेंबर २०१९ मध्ये आबिजानला ही सक्ती रद्द करण्याची घोषणा झाल्यानंतर पश्चिम आफ्रिकेची ही ठेव २०२१ साली परत गेली. मध्य आफ्रिकेच्या बँकेला तो बदल लागू झाला नाही.

उरलेल्या दोन दाव्यांना फार शब्द लागत नाहीत. चौदाही देश फ्रेंच वसाहती नव्हते: विषुववृत्तीय गिनी स्पेनकडे होता, आणि १९९७ साली सामील झालेला गिनी-बिसाऊ हा गोव्याप्रमाणेच पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. बाहेर पडण्याचा मार्गही बंद नव्हता. गिनीने १९६० मध्ये आणि मॉरिटानियाने १९७३ मध्ये स्वतःचे चलन काढले. मालीने १९६२ मध्ये तसेच केले, पण १९८४ मध्ये २ माली फ्रँकांस १ सीएफए या दराने तो देश स्वेच्छेने परत आला.