नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

माझ्या लिनक्स संगणकाला दोन छोटी यंत्रे यूएसबीने जोडलेली आहेत. एक खोलीचे तापमान सांगते आणि दुसरे पंखा चालू-बंद करते. संगणक त्यांना 'टीटीवाययूएसबी०' आणि 'टीटीवाययूएसबी१' म्हणतो. पण जे यंत्र आधी सापडेल त्याला आधीचा क्रमांक, असा त्याचा न्याय असल्यामुळे एका सकाळी संगणक पुन्हा सुरू केल्यावर माझा प्रोग्राम पंख्याला अदबीने तापमान विचारत होता आणि तापमापकाला 'बंद हो' म्हणून दरडावत होता.

यावर उपाय म्हणजे लिनक्समध्ये जोडलेल्या यंत्रांची व्यवस्था पाहणाऱ्या युडेव्ह नावाच्या कारभाऱ्याला नियम लिहून देणे. मूळ नाव बदलण्याची मुभा त्यालाही नाही. तो सिमलिंक, म्हणजे टोपणनाव, तेवढे देतो. मला तेवढेच हवे होते.

पहिली रात्र 'बरोबर' (=) या चिन्हात गेली. अट तपासायची तर ते दोनदा लिहावे लागते. मी एकदाच लिहिले. युडेव्हने नियम गुपचूप बाजूला सारून त्याची तक्रार लॉगमध्ये, म्हणजे संगणकाच्या नोंदवहीत, नोंदवली होती, आणि लॉग मी अर्थातच सर्वांत शेवटी पाहिला.

दुसऱ्या रात्री यंत्राची वंशावळ वाचली. 'युडेव्हअ‍ॅडम इन्फो' ही आज्ञा यंत्रापासून त्याच्या बापापर्यंत, आजोबापर्यंत सगळ्यांचे गुण छापते. मात्र नियमात यंत्रासोबत एकाच पूर्वजाचे गुण चालतात. मी हौसेने बाप आणि आजोबा एकत्र आणले होते. त्यांना वेगळे केल्यावर नियम लागू झाला, इतका की दोन्ही यंत्रे स्वतःला 'तापमापक' म्हणवू लागली. दोघांतही यूएसबीशी बोलणारी सीएच३४० हीच चिप, उत्पादन क्रमांक ७५२३ हाच, आणि वेगळे ओळखता येईल असा अनुक्रमांक कोणालाच नाही. चार पैसे वाचवायला निर्मात्याने जुळ्यांना एकच नाव ठेवले आणि मी रात्रभर त्याला नावे ठेवत बसलो.

अखेर नियम पोर्टवरच, म्हणजे वायर खोचायच्या जागेवरच, बांधला : डावीकडचे ते तापमापक, उजवीकडचे ते पंखा. तो आठवडाभर चोख चालला. मग धूळ पुसण्यासाठी मी दोन्ही वायरी काढल्या आणि आठवेल तशा परत लावल्या. पंख्याला पुन्हा तापमान विचारले जाऊ लागल्यावर मी वायरींना चिकटपट्टी लावून त्यांवर पेनाने नावे लिहिली. लिहिताना वायरी मात्र होत्या तशाच, म्हणजे उलट्या, जोडलेल्या होत्या.