बेंच बदलून गुण वाढत नाहीत

आज पालकसभेत एका आईनं सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं, "बाई, माझ्या पोरीला तिच्या शेजारनं उचला की ओ. त्या पोरीच्या नादानं हिचे मार्क गेलेत." ती दुसरी पोरगी आणि तिची आई तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. आईनं पदर सावरला आणि खाली बघत राहिली. पोरगी दारातून कधी निघून गेली कळलंसुद्धा नाही. तेव्हापासून डोकं ठणकतंय. (कुणी ओळखू नये म्हणून आकडे आणि तपशील थोडे बदललेत.)

आधी गुणांचंच बोलू, कारण भांडण त्यावरून आहे. तक्रार करणाऱ्या आईच्या पोरीला भूमितीत घटक चाचणीला 20 पैकी 17 होते, सत्र परीक्षेला 40 पैकी 29. आईकडे हे दोन आकडे होते. पेपर तिनं बघितलाच नव्हता. आता गेलेले 11 गुण तीन वाट्यांत टाका. येतच नव्हतं म्हणून गेले 2. येत होतं पण चुकलं म्हणून 4. वेळ पुरला नाही म्हणून 5. मैत्रिणीचा वाटा यात कुठे आहे, दाखवा मला.

वेळेचे 5 का गेले? बोर्डाचा भूमितीचा पेपर 40 गुणांचा, 2 तासांचा. म्हणजे गुणामागे 3 मिनिटं. घरी सराव करताना गुणामागे अडीच मिनिटंच धरायची, मग तपासायला 20 मिनिटं उरतात. या पोरीनं 3 गुणांच्या एका सिद्धतेवर 20 मिनिटं घालवली आणि शेवटचा प्रश्न कोरा सोडला. घड्याळ लावून एकटीनं गणित सोडवायची सवयच नाही तिला. कुठून असणार? सकाळी साडेसहा ते साडेआठ क्लास, 11 ते 5 शाळा, 6 ते 8 परत क्लास. दिवसभर दुसऱ्यानं फळ्यावर सोडवलेलं बघायचं, वहीत घ्यायचं. स्वतःचा हात चालणार कधी? आणि तोडायचं काय, तर शेजारची मैत्रीण!

ही शेजारची कोण? आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातली. घरी तेलुगू बोलतात. तेलुगूत निर्जीव वस्तूंना मराठीसारखं पुल्लिंगी-स्त्रीलिंगी नसतं, म्हणून ही लेकरं निबंधात "माझा वही", "मोठी पुस्तक" लिहितात. हुशारीत काही कमी नसतं, गुण मात्र जातात. त्यावर त्या तक्रार करणाऱ्या आईच्या पोरीनंच उपाय काढला. वहीच्या मागच्या पानावर रोज 10 नामं, प्रत्येकापुढे तो, ती किंवा ते, आणि मग त्याच नामाचं एक वाक्य. नुसतं लिंग पाठ करून भागत नाही, विशेषण आणि क्रियापद बदललेलं कानाला ऐकू यावं लागतं. हे मी वर्गात 60 जणांना करून देऊ शकत नाही. एक मैत्रीण एका मैत्रिणीला देऊ शकते.

आणि उलट बाजूनं काय मिळालं, तेही ऐका. सत्राचे पेपर वाटले त्या दिवशी मधल्या सुट्टीत दोघी बेंचवर वाकून बसल्या होत्या. तक्रारवाल्या आईची पोरगी समजावत होती: त्रिकोण एबीसी आणि त्रिकोण पीक्यूआर समरूप, म्हणून एबी भागिले पीआर. दुसरीनं बोट ठेवलं, "पीआर का? बीच्या समोर क्यू आहे ना?" शिरोबिंदूंचा क्रम! एबीसमोर पीक्यू, बीसीसमोर क्यूआर. गुणोत्तर लिहिण्याआधी समान कोनांना पेन्सिलीनं सारखी खूण केली असती तर अर्ध्या मिनिटात सुटलं असतं. येत असून गेलेल्या 4 गुणांतली ती चूक आज सभेत जिच्यावर बोट रोखलं, त्या पोरीनं पकडली.

हो, एकत्र अभ्यासाच्या नावाखाली गप्पा होतात. कबूल. पण त्याला पद्धत लावता येते. बसायचं दोघींनीच, तिसरी आली की गप्पा सुरू. फोन दुसऱ्या खोलीत. आधी 25 मिनिटं तोंड बंद, तीच 3 गणितं दोघींनी आपापल्या वहीत सोडवायची. मग वह्या मिटून 10 मिनिटं एकीनं दुसरीला समजावायचं, आणि जिला अवघड जातं तिनं आधी, कारण हुशार पोरगी आधी बोलली की दुसरी नुसती मान हलवते. शेवटची 5 मिनिटं पुस्तकाशी ताडून बघायला. बिघडतं कधी? रोज एकच सोडवते आणि दुसरी उतरवते तेव्हा. पालकांनो, ओळखायला सोपं आहे: उतरवलेल्या वहीत खाडाखोड नसते.

त्या आईवरचा माझा राग लिहिता लिहिता थोडा ओसरला. घाबरलीय ती. क्लासची फी भरून बसलीय, पूर्वपरीक्षा जानेवारीत, बोर्ड समोर. घाबरलेला माणूस हाताला येईल ते ओढतो. हे कळतं मला.

पण भर सभेत दुसऱ्याच्या लेकराचं नाव घ्यायचं नसतं हो! काही म्हणायचं असेल तर सभा संपल्यावर वर्गशिक्षकाला बाजूला घ्या, 5 मिनिटं पुरतात. पोरींमध्ये खरंच बिनसलं असेल तर मी आधी दोघींशी वेगवेगळं बोलते, मग एकत्र, वर्गासमोर कधीच नाही. आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर गुणांची उतरती यादी टाकणं बंद करा. यादीत खालून तिसरी असलेली पोरगी दुसऱ्या दिवशी शंका विचारायला हात वर करत नाही. मग तिच्या चुका मला परीक्षेतच दिसतात, तेव्हा उशीर झालेला असतो.

संक्रांतीला गड्डा आहे, म्हणजे आपली सिद्धेश्वराची जत्रा. पूर्वपरीक्षेचं वेळापत्रक बघून दोघींना एका संध्याकाळी जाऊ द्या, पाळण्यात बसू द्या. परत आल्यावर अर्धा तास भूमिती होते, काही बिघडत नाही.

बेंच मी बदललेला नाही. ताई, तुम्ही हे वाचत असाल तर शनिवारी शाळा सुटल्यावर या. पेपर कपाटात वेगळा काढून ठेवलाय, तुम्ही, मी आणि तुमची लेक मिळून बघू. त्या दुसऱ्या पोरीच्या घरी उद्या मी जाऊन येणार आहे.