पार्सलवर ‘गिफ्ट’ लिहून धंदा होत नसतो

चीनमधून 20 रुपयांचं खेळणं आणा, इथे 200 ला विका. लायसन्स लागत नाही, पार्सलवर ‘गिफ्ट’ लिहायला सांगा की आयातीची ड्युटी शून्य! हा मेसेज फिरत फिरत आमच्या भाच्याकडे पोचला आणि गडी ॲडव्हान्स भरायला निघाला. म्हणून हा खटाटोप.

आधी ते ‘गिफ्ट’. पूर्वी 5,000 रुपयांपर्यंतची भेटवस्तू ड्युटीशिवाय सुटायची, त्या शिळ्या कढीला हा ऊत. डीजीएफटीने (परदेश व्यापाराचं केंद्रीय खातं) 12 डिसेंबर 2019 ला अधिसूचना काढून पोस्टाने किंवा कुरियरने आलेला माल ‘भेट’ म्हणून ड्युटीशिवाय सोडवणंच बंद केलं. सूट ठेवली ती जीवरक्षक औषधांना आणि राखीला. राखीसोबतच्या भेटवस्तूलासुद्धा नाही! आणि आमचे भाचेमहाशय एकाच पत्त्यावर 300 एकसारख्या खेळण्यातल्या मोटारी ‘भेट’ म्हणून मागवणार.

‘बिल कमी किमतीचं घ्या’ हा त्याचाच जोडसल्ला. तसाच माल इतरांनी काय भावाने आणला हे कस्टमला दिसतं. संशय आला की तुमचं बिल बाजूला ठेवून ते स्वतः किंमत ठरवतात, वर दंड. पैसे बँकेतून पाठवले असतील तर बँक बिल ऑफ एंट्री (आयात मालाचा कस्टमकडे भरलेला कागद) मागते, आणि तिथे आकडे जुळत नाहीत. यात अडकतो आयातदार. विकणाऱ्याचे पैसे केव्हाच पोचलेले असतात.

‘लायसन्स नको’? बरं, आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा कोड नंबर, 500 रुपयांत ऑनलाइन मिळतो, एवढं मान्य. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये तो अपडेट केला नाही तर बंद पडतो, हे मेसेजमध्ये नाही. पण खेळण्यांना 1 जानेवारी 2021 पासून बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरो) आयएसआय मार्क सक्तीचा आहे आणि त्याचं लायसन्स चीनमधल्या कारखान्याच्या नावावर लागतं. ते नसेल तर माल बंदरातून सुटत नाही, आणि तो पडून राहील तसं भाडं चढत जातं. शिवाय 2023 च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरची ड्युटी 70 टक्के झाली.

दहापट भावाने विकण्याचं म्हणाल तर खेळणी सोडा, 20 टक्के ड्युटीचा दुसरा माल धरा. भाडं-विमा धरून किंमत 1,00,000. ड्युटी 20,000, तिच्यावर 10 टक्के अधिभार 2,000, मग 1,22,000 वर 18 टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) 21,960. एकूण 43,960. जीएसटी नोंदणी असेल तर आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तो पुढे भरायच्या जीएसटीतून वळता होतो; नसेल तर तोही खर्चातच. कस्टम ब्रोकर, गोदाम, एमआरपी आणि आयातदाराच्या नाव-पत्त्याचं लेबल हे वेगळंच.

आणि ‘किलोच्या भावाने घरपोच’ माल आणून देणारा एजंट गाठला तर? बिल ऑफ एंट्री तुमच्या नावावर नसते. क्रेडिट गेलंच, उद्या दुकानात कुणी कागद मागितला तर दाखवायला काही नाही.

भाच्याने आज एवढंच करावं: सप्लायरकडून कारखान्याचा बीआयएस लायसन्स नंबर मागून बीआयएस केअर ॲपवर टाकून बघावा. सप्लायर ‘नो प्रॉब्लेम, गिफ्ट लिहू’ म्हणाला, तर ॲडव्हान्स खिशातच ठेवावा.