खुलासा : तो कोश एकट्या क्लूट यांचा नव्हे

धरमपेठेतल्या आमच्या वाचनकट्ट्याच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फिरतंय, की विज्ञानकथांचा १९७९ चा इंग्रजी कोश ब्रिटिश समीक्षक जॉन क्लूट यांनी एकट्यानं रचला. चूक. क्लूट जन्मानं कॅनडाचे. मुक्काम लंडनला, म्हणून घोटाळा झाला असावा. त्या आवृत्तीचे मुख्य संपादक होते मेलबर्नचे पीटर निकोल्स, क्लूट सहयोगी संपादक. १९९३ च्या दुसऱ्या आवृत्तीवर दोघांची नावं बरोबरीनं आली. फॅन्टसीचा १९९७ चा कोशही क्लूट यांनी जॉन ग्रँट यांच्या जोडीनंच केला. (आपल्या साध्या दिवाळी अंकालाही चार डोकी लागतात!) निकोल्स २०१८ मध्ये गेले. तो मजकूर संत्राबर्फी खाता खाता मीही न तपासता पुढे ढकलला होता.