दोन भिंती आणि एक खोली

दर उन्हाळ्यात आमच्या भागातील कुठल्या ना कुठल्या इमारतीच्या पार्किंगमध्ये विटा येऊन पडतात, आणि पावसाळ्याच्या तोंडावर तिथे खिडकी, पडदा आणि भाडेकरू असा सगळा संसार थाटलेला असतो. परवानगीचा विषय काढला, की “छप्पर आधीचेच आहे, आम्ही नुसत्या दोन भिंती घातल्या” हे उत्तर ठरलेले. या उत्तराचा मला मनस्वी संताप येतो.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 नुसार जागेच्या वापरात बदल करण्यापूर्वी नियोजन प्राधिकरणाची लेखी परवानगी लागते. स्टिल्ट पार्किंग, म्हणजे खांबांवर उभ्या इमारतीखालची मोकळी जागा, चटई क्षेत्रात (परवानगी मिळालेल्या बांधकामाच्या हिशेबात) धरले जात नाही ते तिथे वाहने उभी राहावीत म्हणूनच. ती सवलत घ्यायची, मग भिंती घालून तीच जागा भाड्याने द्यायची आणि स्वतःची गाडी अरुंद रस्त्यावर आणून लावायची, ही उघड लबाडी आहे. सोसायट्यांबाबत तर सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच स्टिल्ट पार्किंग हा सामाईक भाग असून बिल्डरला तो स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा निर्वाळा दिला आहे.

मला सर्वाधिक चीड येते ती त्या खोलीत राहणाऱ्यांच्या हालांमुळे. पार्किंगची फरशी रस्त्याच्याच पातळीवर असल्याने पहिल्या मोठ्या सरीबरोबर पाणी आत शिरते आणि गाद्या विटांवर ठेवाव्या लागतात. घरमालक मात्र भाडे एक दिवसही उशिरा घेत नाहीत.